बाईंच्या सायकलचा आउट

उस्तादांना झटका आला, तेव्हा ते एका गिऱ्हाइकाच्या चाकाचा आउट काढत होते.

आउट म्हणजे चाकाचा वाकडेपणा. चाक फिरवलं की रिम एका ठिकाणी जराशी डावीकडे नाहीतर उजवीकडे झुकते आणि ब्रेकच्या रबराला चाटून जाते. मग एका बाजूचे स्पोक सैल करायचे, दुसऱ्या बाजूचे आवळायचे. पाव आटा, अर्धा आटा. पुन्हा फिरवायचं, पुन्हा बघायचं. उजव्या हातात स्पोकची चावी आणि डाव्या हाताचा अंगठा रिमवर. आउट डोळ्याला दिसायच्या आधी अंगठ्याला कळतो, असं उस्ताद म्हणत. अडतीस वर्षं सायकलदुरुस्तीचं दुकान चालवलेल्या माणसाला हे काम म्हणजे डाव्या हाताचा मळ. आणि त्या दिवशी नेमका तोच हात अंगठ्यासकट लोंबकळला.

उस्तादांना वाटलं, चाकच जड झालंय. त्यांनी हबला दोन शिव्या दिल्या, तेलाचे चार थेंब पाजले. फरक काडीचा नाही. समोरच्या स्टुलावर एक जुने स्नेही बसले होते. त्यांना सगळे 'शब्दकोडं' म्हणत, कारण सार्वजनिक वाचनालयातल्या वर्तमानपत्रावर पेनाने कोडं सोडवताना ते चार वेळा पकडले गेले होते. ते थोडा वेळ निरखून बघत राहिले आणि म्हणाले, "उस्ताद, तुमच्या तोंडाला आउट आलाय."

"कुठल्या बाजूला?" उस्तादांनी विचारलं. धंद्यातला माणूस, त्याचा पहिला प्रश्न हाच असणार.

"डावीकडे. खाली ओघळलंय."

एवढं बोलून शब्दकोडं उठले आणि रस्त्यात आडवे उभे राहून त्यांनी पहिली येणारी गाडी थांबवली. त्यांच्या आयुष्यातलं हे पहिलं उत्तर, जे त्यांनी मागचं पान न बघता बरोबर दिलं. उस्ताद वेळेत रुग्णालयात पोचले. मेंदूत अडकलेली गाठ औषधाने विरघळली, पण ती विरघळेपर्यंत उजवीकडच्या काही पेशी वारल्या होत्या. मेंदूची उजवी बाजू डावा हात चालवते, हे उस्तादांना तिथेच कळलं. फिटिंगमधला हा घोळ त्यांना मुळीच पटला नाही.

"पाय काठीवर चालेल," डॉक्टर म्हणाले. "हाताचं आज सांगता येत नाही. पहिले तीन महिने महत्त्वाचे. नंतरही सुधारणा होते, पण रेंगाळत होते."

आता बाईंबद्दल. बाई म्हणजे उस्तादांची बायको. एकतीस वर्षं त्या वाचनालयात ग्रंथपाल होत्या. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण निवृत्ती फक्त पगाराला लागू झाली होती. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं की माणसंच काय, पंखेसुद्धा हळू फिरत, असं जुने वाचक सांगत. मुदत उलटून एक दिवस गेला तरी पुस्तकाची मुदत त्यांनी कधी कोणाला वाढवून दिली नव्हती. एकदा खुद्द नगराध्यक्ष आले होते. त्यांनाही नाही.

घर वर, दुकान खाली आणि मधे चौदा पायऱ्या. उस्ताद काठी टेकत त्या चौदा पायऱ्या चढून घरी आले, तेव्हा बाईंनी पाणी दिलं आणि निर्णय दिला.

"अहो, दुकान शेजारच्या मोबाइलवाल्याला देऊन टाकू. त्याला जागा वाढवायचीच आहे."

"आणि मी काय करू?"

"आराम."

"आणि आराम झाल्यावर?"

"आणखी आराम."

बाईंचा आवाज करडा होता, पण पेला ठेवताना त्यांनी तो कडेपासून दोनदा आत सरकवला होता. ते उस्तादांनी पाहिलं होतं. चौदा पायऱ्या, खाली लोखंड, वर एका हाताचा नवरा. भीतीला नियमाचा कोट चढवायची बाईंची जुनी खोड.

"अगं, तीन महिने दे मला," उस्ताद म्हणाले. "तुझ्या सायकलच्या पुढच्या चाकाचा आउट काढून दाखवतो. दोन्ही हातांनी. निघाला तर दुकान चालू. नाही निघाला तर किल्ली मीच माझ्या हाताने त्याला देईन."

"कुठल्या हाताने?" बाईंनी विचारलं. बाई विनोद करत नसत. त्यांना माहिती हवी होती.

त्या आउटचंही सांगायला हवं. बाईंच्या सायकलच्या पुढच्या चाकात बावीस वर्षांचा आउट होता. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा रिम ब्रेकला चाटायची: खस्स. गावाची चाकं सरळ करणाऱ्या माणसाच्या बायकोच्या चाकात आउट, यावर लोकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं होतं. बाई म्हणत, "काढा तो." उस्ताद म्हणत, "उद्या." अशी बावीस वर्षं गेली.

बाईंनी कपाटातून तारखेचा शिक्का काढला. निवृत्तीच्या दिवशी वाचनालयाने त्यांना शाल दिली होती, ती त्यांनी परत केली आणि शिक्का मागून घेतला. एका कोऱ्या कार्डावर 'दुकानाची किल्ली' असं लिहून त्यांनी बरोबर तीन महिन्यांनंतरची तारीख उमटवली आणि कार्ड भिंतीवर टाचलं.

"मुदत वाढवून मिळणार नाही," त्या म्हणाल्या.

आणि मग बाईंनी नवऱ्याला बरं करायला घेतलं. आता एकतीस वर्षं पुस्तकं सांभाळलेली बाई मौल्यवान वस्तू कशी सांभाळणार? दुर्मिळ ग्रंथ सांभाळतात तशी. ऊन नको, धूळ नको, दमटपणा नको, हाताळणी नको आणि कोणाला घरी नेऊ देणं तर मुळीच नको. मागच्या खोलीला जाड पडदे लागले. भिंतीवरचं घड्याळ टिकटिक करतं म्हणून उतरलं. कुकर शेजारणीकडे लावला जाऊ लागला, कारण शिट्टी. चष्मा, पाणी, गोळ्या, घंटी असं सगळं उस्तादांच्या उजव्या हाताशी, एका रेषेत, चिठ्ठ्या लावून. दाराशी येणाऱ्याला बाई कुजबुजत सांगत, "झोपलेत." उस्ताद आतून ओरडत, "जागा आहे!" पण बाई ते आवाजातच धरत नसत.

परदेशी असलेल्या लेकीचा फोन आला की बाई सांगत, "अगदी शांत वातावरण ठेवलंय बघ."

"मेलेल्यांना असतं तसं," मागून उस्ताद.

"बाबा!"

"अगं, तुझी आई मला वाळवी लागू नये म्हणून खणात कडुनिंबाचा पाला ठेवणार आहे आता."

सहा आठवडे असे गेले. उस्तादांचं वजन वाढलं, वर्ण उजळला. पाय बऱ्यापैकी रेटू लागला. हात मात्र मांडीवर पाहुण्यासारखा बसून असे. बोटं हलायची, पण ऑफिसातल्या कारकुनासारखी: तिसऱ्या हाकेला आणि उपकार केल्यासारखी. आठवड्यातून दोनदा व्यायाम करून घ्यायला एक मुलगी यायची. ती एका डब्यातले सायकलचे छर्रे, म्हणजे बेअरिंगमधल्या बारीक लोखंडी गोळ्या, डाव्या हाताने उचलून वाटीत टाकायला सांगायची. उस्ताद एक उचलायचे, दुसरा उचलायचे, तिसऱ्याला भिंतीकडे बघत बसायचे.

एके दिवशी त्या व्यायामवालीने पडदा बाजूला सारला, खोलीभर नजर फिरवली आणि विचारलं, "काका, तुम्ही दिवसभर काय करता?"

"जतन होतो," उस्ताद म्हणाले.

ती हसली नाही. तिने बाईंना बोलावलं. "काकू, एक सांगू? उंदरांवर खूप प्रयोग झालेत. काही उंदरांना रिकाम्या पिंजऱ्यात ठेवायचं. दाणापाणी वेळेवर, त्रास कसला नाही. दुसऱ्यांच्या पिंजऱ्यात शिडी, बोगदा, फिरतं चाक, खेळणी आणि बरोबर आठ-दहा सोबती. दर दोन-तीन दिवसांनी मांडणी बदलायची. या दुसऱ्या उंदरांच्या मेंदूत पेशींना नव्या फांद्या फुटतात, काही ठिकाणी नव्या पेशीसुद्धा तयार होतात. झटका आलेले उंदीरही अशा पिंजऱ्यात जास्त सावरतात. मेलेली पेशी उठत नाही, पण शेजारच्या पेशी तिचं काम शिकतात. शिकायला कारण मात्र लागतं."

"आणि माणसांत?" बाईंनी विचारलं.

"माणसांचं डोकं उघडून असं मोजता येत नाही. शिवाय माणूस उंदराइतका शिस्तीचा नसतो. पण दिशा तीच दिसते."

"म्हणजे थोडक्यात मी उंदीर," उस्ताद म्हणाले. "रिकाम्या पिंजऱ्यातला."

बाईंनी दोघांकडे पाहिलं आणि एकच शब्द उच्चारला. "संदर्भ?"

व्यायामवालीने दुसऱ्या दिवशी छापील कागदांचा गठ्ठा आणून दिला. बाई तीन दिवस पेन्सिल घेऊन वाचत बसल्या. त्यांनी कार्डं केली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या उस्तादांच्या पलंगाशी आल्या आणि त्यांनी पडदे काढले. नुसते सरकवले नाहीत, काढले.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मी तुमचं वर्गीकरण चुकवलं."

बाईंच्या तोंडून 'चुकलं' हा शब्द उस्तादांनी पहिल्यांदा ऐकला. त्यांना दुसरा झटका येतोय की काय असं वाटलं.

चूक कबूल केली म्हणजे बाई बदलल्या असं कोणी समजू नये. त्यांनी उंदरांचा पिंजरा कलमवार अमलात आणला. 'मांडणी बदलावी' असं लिहिलं होतं. दर तीन दिवसांनी पलंगाचं तोंड फिरू लागलं. सकाळी उठून उस्ताद खिडकीला दार समजत. साखरेचा डबा पुस्तकांच्या कपाटात, चष्मा टांगलेल्या पिशवीत, दात घासायचा ब्रश डावीकडच्या फळीवर, तोही वरच्या. उजव्या हातावर रोज दोन तास लोकरीचा हातमोजा. व्यायामवालीच्या परवानगीने बाईंनी त्या हाताचं सभासदत्व तात्पुरतं रद्द केलं होतं. 'शिडी' म्हणजे जिन्याच्या चौदा पायऱ्या. रोज दोनदा, बाई एक पायरी खाली चालत. बोगद्यापाशी मात्र अडलं.

"जेवणाच्या टेबलाखालून जायचं," बाई म्हणाल्या.

"मेलो तरी जाणार नाही."

"लिहिलेलं आहे."

"उंदरांसाठी लिहिलंय. त्यांना लाज नसते."

बोगदा प्रलंबित राहिला.

मग आलं सोबत्यांचं कलम. आठ ते दहा सोबती. बाईंना विचार करायला वेळ लागला नाही. माणसं म्हटली की त्यांना एकच प्रकार ठाऊक: वाचक. पहिल्या दिवशी तिघे आले. शब्दकोडं, दुसरे 'अग्रलेख', जे फक्त अग्रलेख वाचत आणि मान हलवत, तिसरे 'हवामान', जे आधी हवामानाची चौकट वाचत आणि मग खिडकीतून बघून ती खोटी ठरवत. याच हवामानांना एकदा वाचनालयात मोठ्याने हसल्याबद्दल बाईंनी आठ दिवस प्रवेश बंद केला होता. तिघांनी दाराबाहेर चपला एका रेषेत काढल्या, आत येऊन ओळीने बसले आणि खिशातून वर्तमानपत्रं काढली.

पाच मिनिटं गेली. पान उलटल्याचा आवाज तेवढा झाला.

"बोला," बाई दारातून म्हणाल्या.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अग्रलेख पुढे वाकले आणि श्वासाच्याच आवाजात म्हणाले, "कसं काय?"

"ठीक," उस्तादही कुजबुजले. रोग संसर्गजन्य होता.

"मोठ्याने बोला!" बाई ओरडल्या. तिघांनी दचकून वर्तमानपत्रं तोंडापुढे धरली. एकतीस वर्षांचं वळण. ते काय एका आज्ञेने जातंय? आणि तीही त्याच तोंडातून निघालेल्या आज्ञेने.

बाई स्वयंपाकघरात जाऊन उभ्या राहिल्या, कुजबुज. जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, कुजबुज. तिसऱ्या दिवशी बाईंच्या लक्षात आलं, की पिंजऱ्यात शिडी आहे, सोबती आहेत, पण मांजरही आहे. त्यांनी सायकल काढली आणि निघाल्या. खस्स… खस्स… खस्स… आवाज गल्लीच्या टोकाला गेला, वळला, विरला.

"गेल्या," हवामान म्हणाले. त्यांचा हा अंदाज खरा ठरला.

आणि मग जे तोंड सुटलं! तीस वर्षांचं तुंबलेलं बोलणं ते. अग्रलेखांनी सरकारपासून सुरुवात केली, हवामानांनी त्यांना अडवलं, शब्दकोड्यांनी दोघांनाही खोडून काढलं, उस्तादांनी तिघांनाही वेड्यात काढलं. "तुम्हाला कळतंय काय त्यातलं!" म्हणून अग्रलेखांनी पलंगाला लागून असलेल्या जेवणाच्या टेबलावर मूठ आपटली, ती छर्र्यांच्या डब्याच्या कडेवर. डबा उलटला. दोन-अडीचशे छर्रे टेबलभर, टेबलावरून जमिनीवर आणि जमिनीवरून घरभर.

"पकडा! पकडा!" उस्ताद ओरडले. छर्रा हरवणं हे त्यांच्या शास्त्रात पाप होतं.

तिघं वाचक गुडघ्यांवर आले. तिघंही टेबलाखाली. टेबलावरून एक चुकार छर्रा उस्तादांच्या डाव्या बाजूने घरंगळत कडेला आला, आता पडणार, आणि पडला नाही. उस्तादांनी बघितलं. त्यावर एक हात होता. हात त्यांचाच होता. डावा. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी मोजत नव्हतं, तोंडाने ते अजून "तिकडे, तिकडे!" ओरडतच होते, आणि हा परस्पर जाऊन बसला होता.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाहून आवाज आला. खस्स… खस्स…

घरात चिडीचूप. बाई वर आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: पलंगावर नवरा, आणि टेबलाखाली चार पायांवर रांगेत थिजलेले सेवानिवृत्त सद्गृहस्थ. बाईंनी क्षणभर पाहिलं.

"बोगदा," त्या समाधानाने म्हणाल्या.

"अगं, तो बोगदा राहू दे," उस्ताद म्हणाले. त्यांनी डावा तळहात उचलला. चिकटलेला छर्रा क्षणभर राहिला आणि टप्पकन खाली पडला. "मी धरला. म्हणजे त्याने धरला. मला न विचारता."

बाईंनी छर्रा उचलला, पदराने पुसला, डब्यात टाकला. मग त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि बराच वेळ तिथे नळ चालू राहिला. भांडं एकही नव्हतं घासायला.

बाहेर आल्यावर उस्ताद त्यांना म्हणाले, "तुझ्या कागदांत फिरतं चाक म्हटलंय ना? सोबती, खेळणी, रोज नवी मांडणी? चौदा पायऱ्या खाली असला पिंजरा आहे. अडतीस वर्षं चालवलाय मी."

बाईंनी कार्डं चाळली. उलटसुलट चाळली. हरकत घेण्याजोगं काही सापडेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः दुकानाचं शटर वर ढकललं. त्या आवाजाने चार घरांतले लोक गॅलरीत आले.

उरलेले पाच आठवडे दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं, पण गर्दी होती. कोणी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत बसे, कोणी नट आवळायचे पाने पुसे. शेजारचा मोबाइलवाला जागेचं माप घ्यायला टेप घेऊन आला होता. त्याच्या हाती बाईंनी टेपऐवजी चेन दिली आणि सोबती क्रमांक सात म्हणून त्याची नोंद केली. चाकं, हवेचा पंप, रस्त्यावरच्या घंट्या, चुकीची मतं. दिवसभर उस्तादांच्या कानाडोळ्यांना उसंत नव्हती. डावा हात आधी रिमवर नुसता पडून राही. मग रेलू लागला. मग एके दिवशी चाक फिरवून त्याने स्वतःच थांबवलं. रोज पुढेच जाई असं नाही. मधे चार दिवस असे आले की त्याला काहीच येईना. उस्तादांनी चावी भिरकावली आणि तिसऱ्या दिवशी हळूच पुन्हा मागितली.

लोकांना बोलता यावं म्हणून बाई रोज तासभर सायकलवर फेरी मारत. आवाज विरला की गलका सुरू, आवाज आला की शांतता. आणि इथेच एक अडचण उभी राहिली. मुदतीला आठ दिवस उरले असताना अग्रलेखांनी उस्तादांना बाजूला घेतलं.

"उस्ताद, तो आउट… पूर्ण काढणार?"

"म्हणजे? पैज आहे माझी. दुकान जाईल."

"तसं नव्हे हो. पण आउट निघाला तर बाई आलेल्या कळणार कसं?"

हवामान आणि शब्दकोडं यांनीही माना डोलावल्या. संकटाचा हा भाग कोणाच्या लक्षात आला नव्हता.

"दुकानच राहिलं नाही तर बोलणार कुठे, गाढवांनो?" उस्ताद म्हणाले. तिघांनी यावर विचार केला. दोन्ही बाजू तोट्याच्याच होत्या.

शिक्क्याची तारीख उजाडली. बाईंनी सायकल आणून पुढचं चाक काढून दिलं. उस्तादांनी ते स्टँडला लावलं. सोबती क्रमांक एक ते नऊ ओळीने उभे. व्यायामवालीही आली होती. उस्तादांनी डाव्या हाताने चाक फिरवलं. खडू धरला, जिथे रिम झुकत होती तिथे पांढरी रेघ उमटली. चांगली वीतभर. बावीस वर्षांत आउट वयात आला होता.

दोन तास लागले. पूर्वी दहा मिनिटं लागली असती. अंगठा रिमवर ठेवायचा म्हणजे आधी तो तिथवर न्यायचा, मग त्याला तिथे राहायला पटवायचं. दोनदा तो घसरला. एकदा चावी धरलेला उजवा हात सवयीने अंगठ्याच्या मदतीला धावला, त्याला उस्तादांनीच दटावलं. पाव आटा. फिरव. खडू. रेघ आखूड झाली. पाव आटा. आणखी आखूड. उस्तादांच्या कपाळावरून घाम निथळत होता आणि नऊ जणांपैकी कोणीही बोलत नव्हतं. पण या वेळी बाईंना घाबरून नव्हे.

"झालं," उस्ताद शेवटी म्हणाले. त्यांनी अंगठा रिमवरून उचलला. "माझ्याकडून झालं."

बाईंनी चाक सायकलला चढवायला लावलं. मग त्यांनी भिंतीवरचं ते शिक्का मारलेलं कार्ड मागवलं, ब्रेकचं रबर आणि रिम यांच्यामधल्या फटीत अलगद धरलं आणि चाक सावकाश फिरवायला सांगितलं. कार्ड कुठेही अडलं नाही, तर आउट गेला. चाक फिरलं. पाव फेरा. अर्धा. पाऊण. आणि अगदी शेवटी, कानांत प्राण आणून ऐकावं इतकं बारीक: खस्स.

कोणाच्या तरी छातीतून सुटकेचा निःश्वास बाहेर पडला. अग्रलेख एकदम खोकू लागले.

उस्तादांनी खिशातून किल्ली काढली. डाव्या हाताने. बोटं वळायला वेळ लागला, पण त्यांनी उजव्याला मधे येऊ दिलं नाही. "शब्द म्हणजे शब्द," असं म्हणून त्यांनी ती मोबाइलवाल्यासमोर धरली. मोबाइलवाला एक पाऊल मागे सरकला. त्याचे दोन्ही हात ग्रीसने काळे होते.

"थांबा," बाई म्हणाल्या. "नियम सोळा."

सगळे थांबले. बाईंचे नियम पाठ नसलेली तिथे दोघंच होती, मोबाइलवाला आणि व्यायामवाली.

"मुदत संपली आणि दुसऱ्या कोणाची मागणी नसेल, तर मुदत वाढवता येते."

"पण बाई," हवामान चाचरत म्हणाले, "तुम्ही तर कधी कोणाला…"

"मी दिली नाही. नियम होता."

"पण मागणी आहे की," उस्ताद म्हणाले. हरल्यावरही हिशेब सरळ हवा असा त्यांचा स्वभाव. "हा उभा आहे ना समोर."

बाईंनी मोबाइलवाल्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "यांनी मागणीपत्र भरलेलं आहे?"

"मागणीपत्र?" मोबाइलवाला म्हणाला. "काकू, तुम्हीच तर मला…"

"विहित नमुन्यात?"

"नाही."

"मग मागणी नाही."

बाईंनी पर्समधून शिक्का काढला, तारखेची चाकं अंगठ्याने पुढे सरकवली आणि कार्डावर जुन्या तारखेखाली नवी तारीख उमटवली. आणखी तीन महिने. शिक्का जरा तिरका बसला. बाईंचा तिरका शिक्का कोणी कधी पाहिला नव्हता.

"संध्याकाळचं सामान आणते," असं म्हणून त्या सायकलवर बसल्या आणि गेल्या. सगळ्यांनी कान टवकारले. दाराबाहेर पडेपर्यंत एकदा बारीकसं खस्स आलं, मग काहीच नाही.

शब्दकोडं उस्तादांच्या कानाशी लागले. "खरं सांगा, आमच्यासाठी ठेवलात ना तेवढा?"

"डाव्या हाताला विचारा," उस्ताद म्हणाले. "तो हल्ली मला विचारत नाही."

मग एकच हशा उठला. अग्रलेखांनी मोबाइलवाल्याच्या पाठीत थाप मारली, मोबाइलवाल्याने मागणीपत्र कुठे मिळतं असं विचारलं, हवामान इतक्या जोरात हसले की हवेच्या पंपावर आदळले. शब्दकोड्यांनी बाईंच्या आवाजाची नक्कल सुरू केली: "विहित नमुन्याऽऽत?"

"पण काय हो," हवामान डोळे पुसत म्हणाले, "पूर्वी कोपऱ्यापासून ऐकू यायचं. आता बाई परत येताना कुठपासून कळेल?"

"आता?" उस्ताद डाव्या अंगठ्याकडे बघत म्हणाले. "दारात आल्याशिवाय नाही."

सगळ्यांनी एकदम मागे वळून पाहिलं.

बाई पिशवी विसरल्या होत्या. एक पाय पेडलवर, एक उंबऱ्यावर. किती वेळ उभ्या होत्या कोणास ठाऊक. दुकानात टाचणी पडली असती तरी कळलं असतं. छर्रा तर हमखास. बाईंनी सवयीने बोट ओठांकडे नेलं, अर्ध्या वाटेत थांबवलं आणि त्याच बोटाने खुंटीवरची पिशवी दाखवली. ती उस्तादांच्या डाव्या हाताला होती.

उस्तादांनी ती काढून दिली.

"चालू द्या," बाई म्हणाल्या.